चौथं प्रोफाइल

पप्पा, उद्या सकाळी तुमची नात क्रेनवर कामाला लागते आहे. घोळवून सांगितलेलं तुम्हाला कधी आवडलं नाही, म्हणून पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. तुमच्यासारखं शिडी चढून केबिनमध्ये बसायचं नाही. आता बंदरावरच्या काही क्रेन खालूनच चालवतात. एसी हॉल असतो, ऑफिसात असतात तशी टेबलं, समोर स्क्रीन, आणि दोन हातांखाली दोन लिव्हर. कंटेनर तिकडे उन्हात हलतो आणि चालवणारी मुलगी इकडे स्वेटर घालून बसते. हे ऐकून तुम्ही हसला असतात. मी हसले नाही. मी नाही म्हटलं होतं, आणि मी एकदा नाही म्हटलं की आमच्या घरात तो विषय खलास असतो. तरीही ती चालली आहे. तिचा युनिफॉर्म मीच इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलाय. हे कसं झालं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो मला डॉक्टरकडे नेईल.

शनिवारची दुपार आहे. हे अबू धाबीच्या हॉटेलात नोकरीला आहेत, आठवड्यातून एकदा घरी येतात आणि आले की झोपतात. आत्ताही आत झोपलेत. लेक कामावरचे काळे बंद बूट घ्यायला मैत्रिणीबरोबर अल बर्शाला गेली आहे. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या या फ्लॅटला एकच मोठी खिडकी, तिच्यावर कालच्या वाऱ्याची धूळ बसलीय, त्यामुळे आतला उजेड जुन्या फोटोसारखा पिवळट झालाय. खाली पार्किंगमध्ये माणूस दिसत नाही. एसीची घरघर तेवढी चालू आहे. टीव्हीखालच्या फळीवर लेकीचा गेमचा कंट्रोलर चार्जिंगला लावलाय आणि त्याचा दिवा निळा आहे. सकाळी मी तो पांढरा करून ठेवला होता.

दिव्याचं समजावून सांगते, मलाही ते समजून घ्यावं लागलं. हा कंट्रोलर म्हणजे दोन हातांत धरायचं एक जाडजूड यंत्र, दोन्ही अंगठ्यांखाली एकेक बुटकी काठी, तिला स्टिक म्हणतात. प्रत्येक खेळाला हाताची ठेवण वेगळी लागते. कुठल्या स्टिकने काय हलायचं, पुढे ढकललं की वर जायचं की खाली, किती जोराने. सगळं आपल्याला हवं तसं ठरवता येतं आणि ठरवलेलं साठवून ठेवता येतं. त्याला ती प्रोफाइल म्हणते. अशी चार प्रोफाइल त्यात मावतात. मागच्या बाजूला एक छोटं बटण आहे. ते नुसतं दाबलं की प्रोफाइल बदलतं आणि दिव्याचा रंगही बदलतो: पांढरा, हिरवा, लाल, निळा. तेच बटण दाबून धरलं की कंट्रोलर हातात थरथरतो, म्हणजे त्या वेळची ठेवण सेव्ह झाली. पांढरं तिचं गाड्यांच्या शर्यतीचं, हिरवं फुटबॉलचं, आणि लाल तिने मुद्दाम बनवलेलं, क्रेनच्या गेमसाठी. निळं रिकामं होतं. वापरात नव्हतं.

तुम्ही सुट्टीवर वसईला यायचात तेव्हा स्वयंपाकघरात बसून मला क्रेन शिकवायचात. तांदळाचा डबा पुढ्यात ओढायचा, त्यात दोन डाव उभे खोचायचे, एक डाव्या हाताला, एक उजव्या. आई ओरडते आहे, "आता भात काय हाताने वाढू?" आणि तुम्ही तिला सांगता आहात, "थांब गं, जहाज लागलंय." डावा डाव स्वतःकडे ओढला की हुक वर. ढकलला की खाली. उजव्याने पुढे-मागे. तुम्ही मुंबईच्या गोदीत असंच शिकला होतात, हुक डाव्या हातात. मग इकडे आलात तर इकडच्या क्रेनवर हुक उजव्या हाताला. "यंत्र हाताला विचारत नाही," तुम्ही म्हणायचात, "हातानेच यंत्राला विचारायचं." इकडे तुम्ही उजव्याने काम केलंत, पण स्वयंपाकघरात मात्र डाव्यानेच शिकवलंत. ती ठेवण तुमची आणि माझी. आईलाही माहीत नव्हती, तिला डाव परत मिळाल्याशी मतलब. डाव तांदळात थोडे सैल बसायचे, जरा हलवले तरी तुम्ही म्हणायचात, "अजून काही झालेलं नाही. जुन्या यंत्राला दोन बोटं ढिलाई असते. त्या ढिलाईत माझा हात विसावतो." मग मला डोळे मिटायला लावून विचारायचात, "आता हुक कुठे आहे?" मी सांगायची. चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

एकदा तुमच्या हातातून मी दोन्ही डाव हिसकावून घेतले आणि जोरात ओढले. तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारलात, तेवढा एकच. "दुसऱ्याच्या हातातलं यंत्र घेतलंस ना? मग आधी रिकामं चालव. वर, खाली, पुढे, मागे. ओझं नंतर. तुझ्या आधीचा माणूस यंत्रात काय ठेवून गेलाय ते तुला ठाऊक नाही." काम संपलं की लिव्हर मधोमध आणि हात मांडीवर. हेही त्याच दिवशी. मी आजही ऑफिसात नवं प्रिंटर आलं की आधी कोरा कागद काढते, आणि आमच्या जबल अलीच्या ऑफिसातली पोरं मागे हसतात. हसू देत.

त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही टीव्हीवर खेळायचा गेम आणलात. काळी पेटी आणि वर एक दांडा. गल्लीतली सगळी मुलं आमच्या ओटीवर. विमान वर न्यायला दांडा पुढे ढकलायचा होता आणि तुमचा हात तो ओढत होता, विमान दर वेळी जमिनीवर. मुलं हसून लोळली. तुम्ही पेटीच उलटी फिरवून धरलीत, तर डावं-उजवंही उलटलं, आणि विमान डोंगरात. तुम्ही चिडला नाहीत. पेटी माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, "कधी तरी असं यंत्र निघेल जे आधी विचारेल, बाबा रे, तुझा हात कसा आहे?" मी तेव्हा ऐकून सोडून दिलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. तुमच्याबरोबरचे वसईचेच एक काका शवपेटीबरोबर आले, त्यांनी ओटीवर बसून सांगितलं. क्रेन उभी होती. खालच्या लोकांना वाटलं तुम्ही डबा खाताय. वॉकीवर हाका मारल्या, उत्तर नाही. बराच वेळ कुणाला काही वाटलं नाही, कारण काही चुकलेलंच नव्हतं. कंटेनर जहाजावर नीट बसवलेला, हुक वर घेतलेला, रिकामा, लिव्हर मधोमध. वर चढून पाहिलं तर तुम्ही खुर्चीत, हात मांडीवर, नजर पायांखालच्या काचेतून खाली. काका म्हणाले, "आम्ही दार उघडलं तेव्हा वाटलं, आता वर बघून रागावेल." महिन्याच्या मिस्सेला चर्चमध्ये फादर जे बोलले त्यातलं मला काही आठवत नाही. ती उभी क्रेन आठवते, जी मी पाहिलीच नाही. नंतर लग्न करून मी इथेच आले, आणि ऑफिसची बस रोज त्या क्रेनसमोरून जाते. मी त्या बाजूच्या खिडकीला बसत नाही.

म्हणून नाही म्हटलं. लेक मेकॅनिकल इंजिनियर झाली, वर्षभर घरी बसून अर्ज केले, आणि बोलावणं आलं ते हे. ट्रेनी ऑपरेटर, आधी सिम्युलेटरवर टेस्ट. "ममा, प्लीज. इट्स अ डेस्क. देअर इज अ कॉफी मशीन."

"चहाचं मशीन असलं तरी नाही."

"यू आर नॉट इव्हन लिसनिंग!"

"ऐकलं. नाही म्हटलं."

"बिकॉज ऑफ ग्रँडपा? ही हॅड अ हार्ट अटॅक, ममा. पीपल हॅव हार्ट अटॅक्स इन बँक्स ऑल्सो."

"मग बँकेत जा."

तिने विषय सोडला. पण लाल प्रोफाइल बनवून रोज दुपारी सराव करू लागली, आणि माझी रजा चालू होती म्हणून ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर. ही टेस्ट हुकली तर ती तिच्या मामेबहिणीकडे कॅनडाला जाणार, हे तिने मला नाही, तिच्या वडिलांना सांगितलं होतं. मला दोन्ही नको होतं. ती त्या खुर्चीत नको होती आणि लांबही नको होती.

मग एके दुपारी मी भाजी चिरत असताना हॉलमधून धाडकन आवाज आला, गेममधला, पण खऱ्यासारखा. तिच्या क्रेनने कंटेनर जहाजाच्या काठावर आदळला होता. "ममा! हू टच्ड माय कंट्रोलर?" दिवा निळा होता. तिने सेटिंग उघडून पाहिलं आणि एकेक वाचायला लागली. हुक लेफ्टला. ओढलं की वर. पुढे-मागे जायची ट्रॉली राइटला. "अँड लुक अॅट धिस डेड झोन! इट्स ह्यूज! हू प्लेज लाइक धिस?" डेड झोन म्हणजे काय, मी विचारलं. स्टिक मधोमध असताना थोडी हलवली तरी काहीच होत नाही, तेवढा भाग, ती म्हणाली. सगळे तो कमी ठेवतात, हा कुणी तरी खूप वाढवून ठेवलाय. माझ्या हातात सुरी होती. ती मी ओट्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती लालवर खेळत होती आणि मधेच निळा झाला. तिसऱ्या दिवशी तिने कंट्रोलर फळीवर ठेवलेला, आम्ही दोघी जेवत होतो. टीव्हीवर गेम उघडाच होता. त्यातल्या क्रेनचा रिकामा हुक हळूच वर गेला. थांबला. खाली आला. मग पुढे. मग मागे. मग मधोमध येऊन उभा राहिला. लेकीच्या हातात चपातीचा घास तसाच. "ड्रिफ्ट," ती म्हणाली. "स्टिक खराब झाली की आपोआप हलते, ममा. इट्स अ थिंग." असेल. पण खराब स्टिक एका बाजूला ओढत राहते, असं तिनेच मला आधी सांगितलं होतं.

मी कंट्रोलर उचलला आणि अल बर्शाच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. मल्याळी माणूस, चष्मा कपाळावर. त्याने उघडला, पुसला, कॉम्प्युटरला लावला. "मॅडम, पीस एकदम ओके है. ड्रिफ्ट कुछ नहीं."

"फिर ये चार नंबर कहाँ से आया?"

"किसी ने बनाया है. बटन दबा के रखना पडता है, अपने आप सेव्ह नहीं होता." मग हसून म्हणाला, "घर में कोई और खेलता है?"

मी म्हटलं, कोई नहीं. त्याने माझ्यासमोर चारही प्रोफाइल पुसून दिली. घरी आल्यावर लेकीने आपली तीन पुन्हा बनवली. चौथ्यावर तिने बटण दाबून मला दाखवलं, रिकामं. संध्याकाळी पुन्हा दाबून पाहिलं. हुक डाव्याला. ओढलं की वर. मधोमध दोन बोटं ढिलाई.

तिने कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि पाय वर घेऊन बसली, लहान असताना पाल दिसली की बसायची तशी. टेस्ट दोन दिवसांवर आलेली आणि मुलगी कंट्रोलरला हात लावायला तयार नाही. "आय कान्ट, ममा. मी जाणार नाही. हॅपी?"

मला जे हवं होतं ते झालं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, कुकर घासला, घासलेला पुन्हा घासला. परत आले आणि कंट्रोलर उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "उचल. दुसऱ्याच्या हातातलं यंत्र घेतलंस तर आधी रिकामं चालवायचं. वर, खाली, पुढे, मागे. बघ कुणाचा हात आहे आत. मग ओझं." आवाज माझाच होता पण चाल माझी नव्हती, पप्पा. तिनेही चमकून पाहिलं.

"आणि माझं नसेल तर?"

"तर बदल. बटण आहे ना? रडायचं काय त्यात?"

तिने केलं. वर, खाली, पुढे, मागे. "निळं आहे," म्हणाली, आणि बटण दाबून लालवर आली. पुन्हा रिकामं चालवलं, मग कंटेनर उचलला आणि अलगद ठेवला. दहा वेळा करायला लावलं असेन. शेवटचा ठेवून झाला तेव्हा तिने हुक वर घेतला, कंट्रोलर बाजूला ठेवला आणि हात मांडीवर ठेवले. ते मी तिला सांगितलं नव्हतं. मी तिच्या हातांकडे पाहत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या केबिनमध्ये नीट पाहता आलं. तुम्ही खुर्चीत अडकला नव्हतात. ओझं ठेवून, हुक वर घेऊन, काम संपवून बसला होतात. मी म्हटलं, "जा टेस्टला."

टेस्टचं तिने घरी येऊन सांगितलं, बूटसुद्धा न काढता. पाच-सहा मुलं-मुली होती, एकामागून एक त्याच टेबलावर. तपासणारा इजिप्शियन, घाईतला. "यल्ला, यल्ला, स्टार्ट." तिच्या आधीच्या मुलाने पहिलाच कंटेनर काठावर आपटला आणि कपाळ धरून उठला. ती बसली आणि म्हणाली, सर, आधी रिकामं चालवू? तो म्हणाला, कशाला? ती म्हणाली, माहीत नाही, पण चालवते. वर, खाली, पुढे, मागे. हुक डाव्या हाताला होता. उठून गेलेल्या मुलाच्याही आधी एक डावखुरा बसला होता, त्याने लिव्हर आपल्या हाताप्रमाणे अदलाबदल करून घेतलेले, आणि परत कुणी बदललेच नव्हते. तिने स्क्रीनवरून साधं प्रोफाइल लावलं, पुन्हा रिकामं चालवलं, मग उचलला. इजिप्शियन खुर्ची ओढून शेजारी बसला आणि मायेने म्हणाला, "हबीबती, हू टॉट यू धिस?"

"माय मदर."

"शी इज ऑपरेटर?"

"नो सर. शी इज अॅडमिन. शी शाउट्स."

हे सांगताना ती इतकी हसली की खोकला लागला. इजिप्शियनने कंटेनर आपटलेल्या मुलालाही परत बसवलं म्हणे, बिचाऱ्याचा दोष नव्हता. मग पाणी पिऊन ती मराठीत बोलली, म्हणजे गंभीर होती. "ममा, खरं सांग. ते निळं तूच सेव्ह करत होतीस ना? मला सवय लागावी म्हणून? ग्रँडपाचं ते?"

मी म्हटलं, "हो."

"यू आर सो वीअर्ड," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून ती कंट्रोलरला घाबरत नाही. निळा दिवा दिसला की हसून बटण दाबते आणि म्हणते, "ममा, स्टॉप इट."

तर आज दुपारी, ती बाहेर असताना, मी ठरवलं की निळं पुसून टाकायचं. उद्या तिची पहिली पाळी, घरात असलं काही नको. कंट्रोलर चार्जिंगवरून काढला आणि सोफ्यावर बसले. एसी समोरच आहे, मांडीवर शाल घ्यावी लागते इतका गार, पण डाव्या बाजूची स्टिक उबदार होती. उजवी थंड होती. चार्जिंगने होत असेल. मी गेम लावला, तो कसा लावायचा ते मला येतं आता. डावा अंगठा टेकवला आणि थोडा हलवला, तांदळात हलायचा तेवढाच. काही झालं नाही. मी तिथेच थांबले. त्या ढिलाईत अंगठा फार बरा बसला. मग स्वतःकडे ओढला आणि डोळे मिटले. कुणी काही विचारलं नाही, पप्पा. आत हे घोरत होते. तरी मी मोठ्याने म्हटलं, वर आहे, रिकामा आहे. डोळे उघडले तेव्हा हुक वर होता, रिकामा होता. मी कंट्रोलर परत फळीवर ठेवला, पांढरा करून ठेवायचा विचार केला आणि तसाच ठेवला.

हे कागद मी घडी करून कपाटात चादरींखाली ठेवीन, तिथे कुणी हात घालत नाही. पाठवायचे तरी कुठे. फक्त एक सांगायचं राहिलं. लेकीला मी हो म्हटलं ते खोटं होतं. ते बटण मी दाबलंय, दिवा बदलायला. दाबून कधी धरलेलं नाही.